शिक्का कपाटात, किल्ली गणपतीला

कोकणातल्या कॉलेजांमधून संशोधनाचे प्रस्ताव फारसे जात नाहीत, म्हणून दरवर्षी कुणीतरी व्याख्यान झोडतं. म्हणे प्राध्यापकांना सुचत नाही. सुचत कसं नाही? विषय दारात पडलेत. कातळसडे आहेत, खारफुटी आहे, खाडीतली कालवं आहेत, आंब्यावरचा तुडतुडा आहे, काजूवरचा ढेकण्या आहे. प्रस्तावातलं शास्त्र पंधरा-वीस दिवसांत लिहून होतं. घोडं अडतं ते त्याच्या मागे जोडायच्या एका पानापाशी.

ते पान म्हणजे संस्थाप्रमुखाचं एन्डॉर्समेंट लेटर. अनुदान देणारी संस्था त्याचा नमुना शब्दन् शब्द देते. तो लेटरहेडवर उतरवायचा, सही, शिक्का, तारीख, संपलं. पण नमुना जसाच्या तसा टाइप केला तर ऑफिसची शान जाते! मग आपला मसुदा सुरू: "उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, आमच्या महाविद्यालयातील प्राध्यापक आपला प्रस्ताव सादर करीत असून त्यास आमची हरकत नाही." अहो, हरकत नाही हे कुणी विचारलंय? त्या पत्रात तीन गोष्टी लागतात. प्रयोगशाळा, वीज, जागा या मूलभूत सोयी संस्था देईल. पी.आय. म्हणजे मुख्य संशोधक मधेच सोडून गेले तर को-पी.आय. म्हणजे सहसंशोधक काम पुढे नेतील आणि त्याला संस्थेची संमती आहे. पैशाचा हिशेब आणि यूसी, म्हणजे पैसे कसे वापरले त्याचा दाखला, वेळेवर देण्याची जबाबदारी संस्थेची आहे. नेमकी हीच तीन वाक्यं सुंदर मराठी मसुद्यात गळतात. छाननीत पत्र अपूर्ण ठरतं आणि तज्ज्ञांच्या नजरेला पडण्याआधीच प्रस्ताव बाद होतो. तिकडे बसलेल्या माणसाला तुमचा तुडतुडा दिसतसुद्धा नाही.

बरं, पत्ता तरी नीट घालावा. संशोधनाला अनुदान देणारी केंद्राची सर्ब ही संस्था एएनआरएफ या नव्या संस्थेत सामावली गेली. कायदा 2023 चा, लागू झाला 5 फेब्रुवारी 2024 ला. तरी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर जुनी फाइल उघडायची, विषय तेवढा बदलायचा आणि "प्रति, सचिव, सर्ब" असंच पाठवायचं. कधी तर मागच्या माणसाच्या प्रकल्पाचं नावही तसंच राहतं. सही करणारे वाचत नाहीत, शिक्का मारणारे वाचत नाहीत. वाचतो फक्त बाद करणारा.

आता सही कुणाची? संलग्न कॉलेजात संस्थाप्रमुख म्हणजे प्राचार्य. सरळ गोष्ट आहे. पण आपल्याकडे कॉलेजच्या डोक्यावर ते चालवणारी शिक्षण संस्था, संस्थेच्या डोक्यावर कार्यकारिणी आणि कार्यकारिणीतली निम्मी मंडळी मुंबईकर. ऑफिसातले भाऊसाहेब म्हणणार, "सर, हा विषय मीटिंगला ठेवावा लागेल." मीटिंग महिन्यातून एकदा. प्रस्तावाची मुदत तीन आठवडे. करा गणित. प्रकल्पाच्या अर्जाला प्राचार्यांची सही पुरते, संस्थेला नंतर माहितीसाठी प्रत द्यावी, असा एका ओळीचा ठराव एकदाच करून ठेवला तर दहा वर्षं कुणाला विचारायला नको. तो ठराव करायलाही मीटिंगच लागते आणि त्या मीटिंगमध्ये गॅदरिंगच्या मांडवावर दीड तास जातो.

प्रभारी प्राचार्यांचा घोळ वेगळाच. सहीखाली शिक्का "प्राचार्य" असा, अर्ज भरायच्या पोर्टलवर नोंद जुन्या प्राचार्यांची आणि पत्रात नाव तिसरंच. प्रभारी असतील तर शिक्क्यात "प्रभारी" हवं आणि पदभार दिल्याचं पत्र जोडायला हाताशी हवं. शिवाय पोर्टलवर संस्थेचं जे लॉगिन असतं त्याला जोडलेला मोबाइल नंबर कुणाचा? तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या प्राचार्यांचा. ओटीपी त्यांना जाणार. ते आता बागेत कलमांना पाणी घालतायत आणि तिथे रेंज नाही. माणूस निवृत्त होताना चार्ज-यादीत कपाटं, पंखे, खुर्च्या मोजतात. लॉगिन, पासवर्ड, नोंदलेला ईमेल आणि नंबर त्या यादीत का नसतात? खुर्ची हरवली तर नवी घेता येते हो!

मग कागद. दर प्रस्तावाला तेच लागतात आणि दर प्रस्तावाला ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे शोधले जातात. यूजीसीची 2-एफ आणि 12-बी मान्यता, संलग्नीकरणाचं ताजं पत्र, एआयएसएचई या उच्च शिक्षण सर्वेक्षणातला कोड, संस्थेचा पॅन, एनजीओ दर्पण या सरकारी नोंदणीचा क्रमांक, केंद्राचे पैसे ज्यातून येतात त्या पीएफएमएसचा युनिक कोड, रद्द केलेला चेक. आठ-दहा कागद, एक फाइल, एक पेनड्राइव्ह. पण नाही. 12-बी चं पत्र नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या फाइलमध्ये, नॅकची फाइल आयक्यूएसी या गुणवत्ता कक्षाच्या कपाटात, कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. आणि 2-एफ आहे म्हणजे 12-बी आहेच असं ठोकून देणारेही आहेत. 2-एफ म्हणजे यूजीसीच्या यादीत नाव आलं. केंद्राच्या पैशाला पात्र ठरवतं ते 12-बी. कित्येक विनाअनुदानित कॉलेजांना फक्त पहिलं आहे. हे प्रस्ताव लिहायला बसण्याआधी बघायचं असतं, चाळीस पानं लिहून झाल्यावर नव्हे.

नावांचा तमाशा तर विचारू नका. पॅन संस्थेच्या नावावर, खातं कॉलेजच्या नावावर, पीएफएमएसवर नाव अर्धं मराठी अर्धं इंग्रजी आणि दर्पणवर संस्थेच्या नावात एक टिंब जास्त. माणसाला ते एकच कॉलेज दिसतं, यंत्राला चार दिसतात. त्यात बँका विलीन झाल्या. विजया आणि देना 2019 ला बँक ऑफ बडोदात गेल्या, 2020 ला सिंडिकेट कॅनरात आणि कॉर्पोरेशन, आंध्रा युनियन बँकेत गेल्या. खातं तिथलं असेल तर आयएफएससी बदलला. तरी जुन्या चेकबुकातलं पान फाडून "कॅन्सल्ड" लिहून जोडतात. मंजुरी आली तरी पैसे येत नाहीत आणि मग पी.आय.ला विचारतात, "सर, तुमचे पैसे अजून कसे आले नाहीत?"

बजेटकडे वळू, कारण खरं नुकसान तिथे होतं. मुंबईतल्या मित्राचा प्रस्ताव मागवायचा आणि आकडे उतरवून काढायचे ही आपली जुनी खोड. प्रकल्पावर नेमायच्या जेआरएफचा, म्हणजे कनिष्ठ संशोधकाचा, दर 1 जानेवारी 2023 पासून महिना 37,000, तिसऱ्या वर्षी एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ, झाला की 42,000. त्यावर घरभाडं केंद्राच्या नियमाप्रमाणे, शहराच्या वर्गावर. मुंबई एक्स शहर, तिथे 30 टक्के. रत्नागिरी, चिपळूण, मालवण, सावंतवाडी सगळी झेड, म्हणजे 10 टक्के. मुंबईचा आकडा उतरवला तर महिन्याला 11,100 दिसतात, हवे होते 3,700. तीन वर्षांत हा फरक 2,78,400 रुपयांवर जातो. एवढा फुगवटा बघून बजेट तपासणारा पुढच्या प्रत्येक ओळीकडे संशयानं बघणार. याच्या उलट काही जण घरभाड्याची ओळच गाळतात. मग तीन वर्षांचे 1,39,200 रुपये कुठून आणणार? त्या पोराच्या खोलीचं भाडं कॅन्टिन्जन्सीतून, म्हणजे किरकोळ खर्चाच्या रकमेतून, देता येत नाही.

उपकरणांचं कोटेशन हा पुढचा खड्डा. शैक्षणिक संस्थांना संशोधनाच्या उपकरणांवर 5 टक्के जीएसटीची सवलत होती. ती 18 जुलै 2022 पासून गेली. आता बहुतेक उपकरणांवर 18 टक्के. पण फाइलमधलं कोटेशन 2021 चं, त्यावर फक्त तारीख बदललेली. आठ लाखांच्या उपकरणावर 40,000 धरले आणि लागणार 1,44,000. उरलेले एक लाख चार हजार कोण भरणार? मंजूर रकमेच्या वर दमडी मिळत नाही. मग अ‍ॅक्सेसरीज कापायच्या, मग ते यंत्र अर्धवट येतं आणि पाच वर्षं कव्हराखाली झोपतं. कोटेशन ताजं घ्या, त्यात वाहतूक, इन्स्टॉलेशन आणि वॉरंटी वेगळी दाखवायला सांगा, आणि मुदत किती दिवसांची आहे ते बघा.

आणि आपली हवा! मायक्रोस्कोपच्या भिंगावर एका पावसाळ्यात बुरशी धरते. समुद्राकाठच्या प्रयोगशाळेत धातू गंजतो, दिवसातून चारदा लाइट जाते. डिह्युमिडिफायर, एसी, यूपीएस, स्टॅबिलायझर हे चैनीचं सामान नाही, त्यांच्याशिवाय यंत्र टिकतच नाही. ते बजेटमध्ये कारणासह मागायचं असतं. तर ऑफिसचा शेरा, "एसी कशाला? मंजूर होणार नाही." अहो, मागू तर द्या! नाकारायला तिकडे माणसं बसलीत, तुम्ही का फुकट राबताय?

ओव्हरहेडची, म्हणजे संस्थेच्या वरखर्चाची, ओळ मात्र कुणी कापत नाही. ती संस्थेची ना! तिथे सगळ्यांची नजर घारीसारखी.

होडीचं भाडं घ्या. खाडीतले किंवा किनाऱ्यावरचे नमुने गोळा करायचे तर होडी लागते. होडीवाल्याकडे जीएसटी नंबर नसतो, बिलबुक नसतं. अकाउंट सेक्शनला मात्र छापील बिल हवं. मग लोक शहरातल्या कुठल्यातरी ट्रॅव्हल्सचं बिल जोडतात आणि ऑडिटमध्ये कार होडी कशी झाली याचा खुलासा करत बसतात. सरळ मार्ग आहे. प्रस्तावातच फील्डवर्कच्या खर्चात "स्थानिक होडी भाडे, दर फेरी इतके, फेऱ्या इतक्या" असं लिहा. खर्च करताना होडीवाल्याचं नाव, गाव, तारीख आणि सही असलेली साधी पावती घ्या, रक्कम 5,000 च्या वर असेल तर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लावा, शक्यतो पैसे खात्यावर द्या. मूळ प्रस्तावात ही ओळ असली की पुढे हिशेबात तोंड लपवावं लागत नाही. आणि वेळापत्रकात जुलैमध्ये समुद्रातले नमुने लिहू नका हो. 1 जूनपासून यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात. ज्याला हे ठाऊक आहे तो परीक्षक पहिल्या पानावरच हसतो.

परवानग्यांचं तेच. मालवण सागरी अभयारण्य 1987 पासून आहे. तिथून नमुने उचलायचे तर वन्यजीव विभागाची परवानगी लागते. प्रवाळ, समुद्रघोडा हे वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत. खारफुटीत जायचं तर वनविभागाला विचारा. परवानगी महिनाभरात हातात येणार नाही, पण अर्जाची पोचपावती तर जोडता येते. ती आवक शिक्क्याची प्रत प्रस्तावाला वजन देते. सड्यावर काम असेल तर आणखी मजा. सातबाऱ्यावर एकोणचाळीस नावं, त्यातली वीस मुंबईला, पाच वारलेली आणि वारसनोंद झालेली नाही. संमती कुणाची घेणार? जागा निवडण्याआधी सातबारा काढून बघा, पंधरा रुपयांत ऑनलाइन मिळतो. ग्रामपंचायतीची किंवा देवस्थानची जागा मिळाली तर एका पत्रात काम होतं.

तासिका तत्त्वावरच्या पोरांचा तर राग येऊन उपयोग नाही. पीएचडी झालेली, पेपर असलेली, पण नियमित नेमणूक नाही म्हणून बहुतेक योजनांत पी.आय. होता येत नाही. मग नाव कायम माणसाचं आणि लिहिणं यांचं.

शेवटचा दिवस. मुदत संध्याकाळी पाचची, आणि "रात्री बारापर्यंत चालतं" अशी ऑफिसची ठाम समजूत. स्कॅन मोबाइलवरून, कोपऱ्यात अ‍ॅपचा वॉटरमार्क, सावलीत अर्धी सही. दुसरं कुणी स्कॅनरवर 600 डीपीआय रंगीत करतं, फाइल 18 एमबीची होते आणि पोर्टल घेत नाही. 200 डीपीआय, ग्रेस्केल, एवढंच हवं असतं. मराठी मजकूर जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधून चिकटवला तर पोर्टलवर नुसती कावळे-चिमण्यांची रांग दिसते. आणि मुदत जर गणपतीच्या आठवड्यात पडली, तर संपलंच. प्राचार्य गावी, हेडक्लार्क गावी, गोल शिक्का स्टीलच्या कपाटात आणि किल्ली हेडक्लार्कच्या खिशात राजापूरच्या पलीकडे आरतीला उभी. फोन केला तर पलीकडून टाळ-झांजांच्या आवाजात उत्तर येतं, "सर, गौरी विसर्जन झालं की लगेच मारतो शिक्का. तोवर नुसती सही चालत नाही काय?"