आत कोणी नाही

मुद्दा अगदी फालतू आहे, मला माहितीये. पण रविवारपासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहून टाकतो.

आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये (ठाणे, घोडबंदर रोड, पुढचा पत्ता नको) शेजाऱ्यांच्या नातवाचं बारसं होतं. मे महिन्यातली दुपार, जेवणात मठ्ठा, मी तीन ग्लास रिचवले आणि व्हायचं ते झालं. फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावून गेलो, ही चूक माझीच. टॉयलेटात पाऊल टाकल्याबरोबर लाइट आपोआप लागला, एक्झॉस्टचा पंखा सुरू झाला, म्हटलं वा, मेंटेनन्सचे पैसे कुठेतरी दिसले. आतल्या खोलीची कडी लावली, झब्बा सावरून बसलो, आणि अर्ध्या मिनिटात सगळं गप्प. लाइट गेला, पंखाही गेला. खिडकी नाही. डोळे उघडे आहेत की मिटलेत हे बोट लावून बघावं असा काळोख.

आधी वाटलं वीजच गेली, पण तिकडे स्पीकरवर पाळणा जोरात चालू होता. मग ट्यूब पेटली (माझी, त्यांची नाही). दाराशेजारी जिथे पूर्वी साधं बटण होतं तिथे आता पांढरा, पुढे फुगीर डोळा असलेला सेन्सरचा स्विच बसवलाय. तो डोळा बाहेर बेसिनच्या भिंतीवर, चार फुटांवर. मी आत, दारामागे. त्याच्या दृष्टीने मी तिथे नाहीच.

पहिल्यांदा काय केलं तर खोकलो. हसू नका, सवय आहे. लहानपणी नौपाड्यातल्या चाळीत सहा बिऱ्हाडांत दोन संडास, एकाची कडी कायमची तुटलेली, त्यामुळे आत बसलेल्याने दर थोड्या वेळाने खोकायचं आणि बाहेरच्याने पायऱ्या चढताना खाकरायचं, अशी पद्धत. ती सिस्टीम एकदाही फेल गेल्याचं आठवत नाही, तिला वायरिंग लागायचं नाही आणि कमिटीचा ठराव तर मुळीच नाही. हा मात्र बहिरा. खोकलो, टाळ्या वाजवल्या, दाराच्या वरून हात काढून हलवला, शेवटी रुमालाचा गोळा करून बाहेर फेकला. काही नाही.

तेवढ्यात बाहेर कॉरिडॉरमध्ये चपला वाजल्या. आवाजावरून ओळखलं, कमिटीतले काका. रिटायर्ड माणूस, सेन्सरचा ठराव त्यांचाच.

"काका! जरा दार ढकला हो, लाइट गेलाय."

शांतता. मग, "कोण आहे?"

"मी आहे आत."

"आत कोणी नाहीये. लाइट बंद आहे."

"अहो मी बोलतोय ना!"

"आवाज येतोय, पण माणूस असता तर लाइट चालू असता. दाराखालून उजेड दिसतो एरवी."

मी काय बोलणार? माणूस शपथेवर सांगतोय की मी आहे, आणि समोरचा पुरावा मागतोय. फ्लॅट नंबर विचारला. सांगितला, बी-७०४. त्यावर क्षणभर थांबून, "तुमचं मार्चचं मेंटेनन्स राहिलंय ना?" म्हणजे बघा, माणूस म्हणून पटलो नव्हतो, थकबाकीदार म्हणून लगेच पटलो.

"काका, आधी दार."

"हालचाल करा की. पीआयआर आहे तो. अंगातून उष्णता बाहेर पडते ना, इन्फ्रारेड, ती हलली की त्याला कळतं."

"केली हो हालचाल. रुमाल पण फेकला."

"रुमालाने काय होणार? रुमाल खोलीइतकाच गार. उष्ण वस्तू पाहिजे."

"मी उष्णच आहे काका. चांगलाच तापलोय."

"मेमध्ये जरा कमी ओळखतो तो. भिंती पण तापलेल्या, माणूस पण तापलेला, फरक कळायला नको? आणि समोरून चालत जाऊ नका त्याच्याकडे, आडवे चाला. आडवं गेलेलं त्याला पटकन दिसतं."

तीन फुटी खोलीत, गुडघ्यापर्यंत लेंगा, आणि आडवे चाला. मध्ये दार आहे म्हटलं तर म्हणाले, हो, दारापलीकडचं नाही दिसत त्याला, तो काही एक्स-रे नाही. हे एवढं बारीक ज्ञान त्यांना आहे! आणि तरी तो बसवला बेसिनसमोर. वर छताला लावला असता तर निदान डोकं तरी दिसलं असतं, पण छतात नवीन वायर ओढायची तर खर्च, जुन्या बटणाच्या खोक्यात फुकट बसतो.

"आणि अर्ध्या मिनिटात कसा बंद होतो हो?"

"ते टेस्टिंगला ठेवलंय कमीवर. आत छोटं नॉब असतं, पाच-दहा मिनिटांपर्यंत वाढवता येतं."

"टेस्टिंग कधीपासून चालू आहे?"

"पाडव्यापासून."

आता खरं सांगतो, राग काकांचा नाही. नऊ वॉटचा दिवा तो. दिवसरात्र पेटता ठेवला तरी महिन्याला साडेसहा युनिट. दहा रुपये युनिट धरा, पासष्ट रुपये. एवढ्यासाठी माणसाला अंधारात बसवायचं, आणि गेटवरचं कारंजं, ज्यात कारंजं कमी आणि निळे लाइट जास्त, ते रात्रभर चालू. पार्किंगमध्ये पण हेच सेन्सर आहेत, तिथे रात्री दोन वाजता मांजर गेलं तरी पूर्ण रांग झगमगते. मांजर मेंटेनन्स भरत नाही. आणि हालचालीवरच जर माणसाचं असणं ठरणार असेल तर संध्याकाळी गायमुख घाटात एक सेन्सर लावून बघा, हजारभर गाड्या उभ्या असतील आणि तो छातीठोकपणे सांगेल, रस्ता मोकळा आहे, इथे कोणी नाही.

असो. शेवटी काकांनी दार ढकललं, आडवे दोन पावलं चालले, आणि लाइट, पंखा सगळं झालं सुरू. "बघा, लागतो की!" म्हणाले. मग, "हा रुमाल कोणाचा पडलाय?"

आवरेपर्यंत आणखी दोनदा काळोख झाला, दोन्ही वेळा काकांनी बाहेर उभं राहून हात हलवला. गप्पाही मारल्या. पार्किंगच्या स्टिकरबद्दल.

रात्री सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला: "क्लबहाऊस टॉयलेटच्या सेन्सरची आज प्रत्यक्ष तपासणी झाली. सेन्सर व्यवस्थित काम करत आहे. सहकार्याबद्दल बी-७०४ यांचे आभार." खाली चौदा अंगठे. त्याच्याखाली मार्चच्या थकबाकीची यादी. त्यातही मीच.