हिरवी चेटकीण सेटवर वारली नव्हती
‘द विझार्ड ऑफ ऑझ’ या जुन्या हॉलिवूड चित्रपटातली हिरवी चेटकीण, म्हणजे मार्गारेट हॅमिल्टन, चित्रीकरणातच जळून गेल्या असा मेसेज फिरतोय. अपघात खरा, मृत्यू खोटा. डिसेंबर १९३८ मध्ये धुरात गायब होण्याच्या दृश्यात ज्वाळा वेळेआधी भडकल्या. चेहरा आणि हात भाजला. चेहऱ्याला लावलेल्या हिरव्या रंगात जखमेत गेल्यास विषारी ठरणारं तांबं असल्याने तो जखमांवरूनच पुसून काढावा लागला. वाचतानाही अंगावर काटा येतो! सुमारे सहा आठवड्यांनी त्या परतल्या, पण आगीचं काम पुन्हा करायला साफ नकार दिला. पुढे अमेरिकेतल्या कॉफीच्या जाहिरातींत कोरा नावाचं पात्र त्यांनीच केलं. १९७५ मध्ये त्या मिस्टर रॉजर्स यांच्या लहान मुलांसाठीच्या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमात चेटकिणीचा पोशाख दाखवायला आल्या होत्या. तो भाग आजही बघता येतो. निधन १९८५ मध्ये, वयाच्या ८२व्या वर्षी. तेव्हा तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.