‘जुन्या खेळाडूंना बदलच नको असतो’: सिव्हिलायझेशन ७ च्या बचावातला एक सोयीचा दावा

‘सिड मायर्स सिव्हिलायझेशन ७’ हा फिरॅक्सिस कंपनीचा, चालीचालीने राज्य वाढवण्याचा संगणकीय खेळ ११ फेब्रुवारी २०२५ रोजी विक्रीस आला आणि स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात खेळाडूंच्या परीक्षणांवरून त्याच्या नावापुढे ‘मिक्स्ड’ (संमिश्र) असा शेरा लागला. तेव्हापासून या खेळाच्या बचावासाठी एक युक्तिवाद सर्रास पुढे केला जातो. तो थोडक्यात असा: या मालिकेचा प्रत्येक नवा भाग आला की जुने खेळाडू ओरड करतात, पाचव्या आणि सहाव्या भागाच्या वेळीही त्यांनी ती केली आणि दोन एक्स्पान्शन (मूळ खेळात नंतर घातलेली मोठी भर) आल्यावर तेच लोक त्या भागांचे गोडवे गाऊ लागले, नाराजी खरे तर बदलाची आहे, समीक्षकांनी खेळाला चांगले गुण दिले आहेत, शिव्या देणाऱ्यांनी तो धड दोन तासही खेळलेला नाही, आणि युगागणिक संस्कृती बदलण्याची कल्पना तर इतिहासाला धरूनच आहे; तेव्हा दोन वर्षे थांबा. या दाव्यात तथ्याचा अंश आहे आणि म्हणूनच तो इतका पसरला आहे. मात्र त्यातला एकेक मुद्दा तपासला की तीन वेगवेगळ्या तक्रारी ‘बदलाची भीती’ या एकाच गाठोड्यात बांधल्याचे दिसते.

परंपरेचा मुद्दा आधी घेऊ. २०१० साली पाचवा भाग आला तेव्हा नाराजी होती, हे खरे आहे. नकाशावर चौकोनी घरांच्या जागी षटकोनी घरे आली, एका घरात एकच लष्करी तुकडी ठेवण्याचे बंधन आले, आणि चौथ्या भागात असलेले धर्म व हेरगिरी हे दोन्ही घटक गायब झाले. पुढे २०१२ च्या ‘गॉड्स अँड किंग्स’ने धर्म आणि हेरगिरी परत आणली, तर २०१३ च्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ने व्यापारी मार्ग आणि पर्यटनाची भर घातली. म्हणजे पाचव्या भागाविषयीची मोठी तक्रार उणिवांची होती, आणि उणीव भर घालून मिटते. सातव्या भागाविषयीची मुख्य तक्रार खेळात जे आहे त्याबद्दलची आहे, नसलेल्या गोष्टींबद्दलची नव्हे. तिच्यावर एक्स्पान्शनची मात्रा कशी लागू पडणार, हे या दाव्याचे पुरस्कर्ते सांगत नाहीत. सहाव्या भागाचे उदाहरण तर त्याहून तोकडे आहे. २०१६ साली त्याच्या व्यंगचित्रासारख्या चित्रशैलीवर आणि संगणकाच्या बाळबोध चालींवर टीका झाली, पण शहराचे विभाग नकाशावर पसरवण्याची त्याची मूळ कल्पना खेळाडूंनी उचलून धरली होती.

त्यातूनच ‘बदलाची भीती’ या मुद्द्याचे उत्तर मिळते. १९९१ सालापासून चालत आलेल्या या मालिकेत एक तृतीयांश जुने ठेवायचे, एक तृतीयांश सुधारायचे आणि एक तृतीयांश नवे आणायचे, असा निर्मात्यांचा प्रघात आहे, आणि नियमित खेळाडूंना तो तोंडपाठ आहे. एका घरात सैन्याची चळत रचण्याची सोय गेली, ती त्यांनी पचवली. सातव्या भागातही विखुरलेल्या तुकड्यांना एकत्र नेणारे सेनापती, बांधकामासाठी मजूर फिरवत बसण्याच्या कटकटीतून झालेली सुटका, जहाजे आत नेता येतील अशा नद्या आणि वाटाघाटींसाठी वेगळे चलन म्हणून आलेला प्रभाव, या बदलांचे कौतुक नापसंतीच्या परीक्षणांतही पुष्कळ ठिकाणी आढळते. बदलाचीच ॲलर्जी असलेल्या माणसाने इतके बदल आवडल्याचे लिहिले नसते.

मग खटकते काय, ते जरा जवळून पाहिले पाहिजे. या भागात डाव प्राचीन, शोधयुग आणि आधुनिक अशा तीन युगांत विभागला आहे. युग संपत आले की संकट ओढवते आणि खेळाडूला स्वतःच्या हाताने स्वतःच्या राज्यावर तोट्याची धोरणे लादून घ्यावी लागतात. एवढे अनेकांना रुचलेही. पण समजा, शेजाऱ्याच्या राजधानीला तुम्ही वेढा घातला आहे, तटबंदी ढासळली आहे आणि आणखी दोन चालींत शहर पडणार आहे. तेवढ्यात युगाचा काटा पूर्ण होतो आणि सगळ्यांचे युग एकदमच संपते. पुढचे युग उघडते तेव्हा युद्ध संपलेले असते, सेनापतीच्या हाताखाली न मावलेल्या तुकड्या नाहीशा झालेल्या असतात, उरलेले सैन्य आपल्याच वस्त्यांत परतलेले असते, बरीचशी शहरे पुन्हा गावांच्या दर्जावर आलेली असतात आणि तुम्ही वेगळ्याच संस्कृतीचे नाव धारण केलेले असते. शेकडो चालींत विणलेला धागा कोणत्याही शत्रूने तोडलेला नसतो, तो नियमाने तोडलेला असतो. पुढे गेलेला खेळाडू पुढेच जात राहतो आणि शेवटचा टप्पा कंटाळवाणा होतो म्हणून बहुतेक जण डाव पुरा करत नाहीत, या जुन्या दुखण्यावर हा उतारा असल्याचे निर्मात्यांनी सांगितले होते. दुखणे खरे आहे. उताऱ्याने मात्र ज्याला आवरायचे त्याच्याबरोबर ज्याच्यासाठी आपण खेळत होतो तेही कापून टाकले, असे म्हणणाऱ्यावर भित्रेपणाचा शिक्का मारून उत्तर होत नाही.

दुसरी तक्रार अपुऱ्या तयारीची आहे आणि तिच्यात मतभेदाला फारशी जागा नाही. प्रकाशनाच्या वेळी सर्वांत मोठ्या आकाराचे नकाशे नव्हते, जिंकल्यानंतर डाव चालू ठेवण्याची सोय नव्हती आणि आपल्या शहराला हवे ते नाव देता येत नव्हते. इंटरफेस तर इतका मुका होता की एखाद्या इमारतीने नेमके किती उत्पन्न वाढवले, हे शोधायला पडदे चाळावे लागत. इंटरफेसवरील टीकेची दखल घेतल्याचे फिरॅक्सिसने फेब्रुवारीतच सांगितले आणि पुढच्या काही महिन्यांत या उणिवा एकेक करून भरून काढल्या. कंपनीने मान्य केलेली गोष्ट चाहत्यांनी खेळाडूंच्या स्वभावदोषात जमा करावी, हे विचित्रच म्हणायचे.

‘दोन तासही न खेळता’ हा आरोप ऐकायला बिनतोड वाटतो. परंतु ६ फेब्रुवारीपासून, म्हणजे पाच दिवस आधी, खेळ उघडला तो महागड्या आवृत्त्या घेणाऱ्यांसाठी. मूळ आवृत्ती ६९.९९ डॉलरची, तर या आवृत्त्या ९९.९९ आणि १२९.९९ डॉलरच्या होत्या. पहिली कडवट परीक्षणे लिहिली ती या लोकांनी. मालिकेवर त्यांच्याइतकी श्रद्धा दुसऱ्या कोणाची असणार? शिवाय स्टीमवर परीक्षण लिहिणाऱ्याने खेळ किती तास खेळला, हे त्याच्या मजकुराशेजारीच दिसते. त्यापेक्षाही साधी गोष्ट अशी की, प्राचीन युग संपायलाच कित्येक तास लागतात. दोन तासांत उठून गेलेल्या माणसाने युगबदल पाहिलेलाच नसतो. ज्या गोष्टीविषयी सर्वाधिक तक्रार आहे, ती करायलाच नेटाने खेळावे लागते.

समीक्षकांच्या गुणांबाबत थोडक्यातच सांगता येईल. समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर पाचव्या भागाचे सरासरी गुण नव्वदीच्या घरात आणि सहाव्याचे त्याच्या किंचित खाली आहेत, तर सातवा ऐंशीच्या आसपास अडकला आहे. एरवी हे गुण वाईट नव्हेत, पण समीक्षक आणि खेळाडू यांच्यात दरी आहे असे दाखवण्यासाठी ते पुढे करणे चुकीचे आहे, कारण उतार दोन्हीकडे एकाच दिशेने आहे. स्टीमवर एका वेळी खेळणाऱ्यांचा सातव्या भागाचा उच्चांक सुमारे ८४ हजारांचा आणि सहाव्याचा १ लाख ६२ हजारांचा आहे. ही तुलना सातव्यावर काहीशी अन्याय करणारी आहे, कारण तो त्याच दिवशी कन्सोलवरही (खेळांसाठीच्या वेगळ्या यंत्रांवरही) आला होता आणि तिथले खेळाडू स्टीमच्या मोजणीत येत नाहीत. मात्र २०२५ च्या बहुतांश काळात पाचवा आणि सहावा भाग खेळणारेच स्टीमवर अधिक होते, याला कन्सोलचे कारण पुरत नाही.

राहिला इतिहास, आणि हा मुद्दा आपल्याला अधिक जवळचा आहे. इतिहास थरांनी बनतो, हे सूत्र बरोबरच आहे. पैठणचे सातवाहन, देवगिरीचे यादव आणि रायगडचे मराठे हे एकाच भूमीवरचे थर आहेत आणि असा क्रम खेळात असता तर मराठी खेळाडूने तो मनापासून खेळला असता. प्रत्यक्षात भारतासाठी मौर्य, चोळ आणि मुघल असा क्रम आहे. मौर्यांची राजधानी पाटलिपुत्र, चोळांचे केंद्र कावेरीच्या खोऱ्यात. अशोकाच्या दुसऱ्या आणि तेराव्या शिलालेखात चोळांचा उल्लेख त्याच्या राज्याबाहेरचे शेजारी म्हणून येतो; दोघे समकालीन होते. शेजाऱ्याला वारस ठरवणे म्हणजे थर नव्हे. पुढे रेल्वे आणि कारखान्यांच्या युगात मुघल उभे केले आहेत, पण १७७२ साली शाह आलम दुसरा दिल्लीत परतला तो महादजी शिंद्यांच्या बळावर, आणि त्यानंतर मुघल बादशाहीचा अंमल बव्हंशी नावापुरताच उरला. शिवाय ठरावीक संख्येने घोड्यांची ठाणी विकसित केली की कोणालाही पुढच्या युगात मंगोल होता येते. खेळ म्हणून ही गंमत चालेल, मीही ती चालवून घेईन. पण टीकाकारांना इतिहास कळत नाही असे म्हणण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की जुने भाग याबाबतीत धुतल्या तांदळासारखे नव्हते: त्यांत अमेरिका ख्रिस्तपूर्व ४००० मध्येच अवतरत असे. फरक इतकाच की ती अतिशयोक्ती खेळाडूच्या बाजूने होती आणि त्याची कथा सलग राहत होती.

तिसऱ्या, म्हणजे किमतीच्या तक्रारीचा या दाव्यात नावानेही उल्लेख नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आधुनिक युगात ग्रेट ब्रिटन मूळ खेळात नव्हता. तो मार्च २०२५ मध्ये सशुल्क संचातून आला. औद्योगिक क्रांतीच्या युगात ब्रिटनसाठी वेगळे पैसे मागितल्यावर चिडणाऱ्या माणसाला बदल नको आहे, असे कसे म्हणता येईल?

आता ‘दोन वर्षे थांबा’ हा सल्ला उरतो. थांबणाऱ्यांना काही मिळालेही: युगबदलात सैन्य जागच्या जागी ठेवणारा सौम्य पर्याय नंतर देण्यात आला, आणि एकच संस्कृती अखेरपर्यंत खेळता यावी यासाठी प्रयोग करत असल्याचे फिरॅक्सिसने २०२५ मध्येच जाहीर केले. पण हे भर घालणे नव्हे, ज्यावर आक्षेप होता ती चौकटच सैल करणे आहे, आणि ती सैल होत आहे ती थांबून राहिलेल्यांमुळे नव्हे, तर बोललेल्यांमुळे.