देवदार नव्हे, शुक्पाच: एका रागावलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. हिमाचलातल्या लाहौलमध्ये चार वर्षं नोकरी केलेला माणूस चिडून लिहितो, तेव्हा ते दोनदा वाचावं लागतं. वाचलं. लडाखमधल्या हेमिस शुक्पाचन या गावावरच्या माझ्या लेखावर तुमचे तीन आक्षेप आहेत. मी जुनिपरला, म्हणजे लडाखींच्या शुक्पाला, देवदार म्हटलं, त्याच्या गोळ्यांना फळं म्हटलं, आणि "धूप जाळून जाळून लडाखींनी स्वतःचंच पवित्र झाड संपवत आणलं" असं लिहिलं. शेवटच्या वाक्यावर "दोन दिवस लेहला राहून आलेल्याचं शहाणपण" असा शेराही आहे. दोन नव्हे, नऊ दिवस होतो. पण शेरा झोंबला, कारण निम्मा खरा आहे.

देवदाराची चूक सरळ माझी. इंग्रजांनी या झाडाला 'पेन्सिल सीडर' म्हटलं आणि मी त्यातल्या सीडरचा देवदार करून मोकळा झालो. देवदार पाइनच्या कुळातला, त्याला सुयांचे झुबके. शुक्पा सायप्रसच्या कुळातला. कोवळेपणी त्याची पानं टोचतात, मोठेपणी खवल्यांसारखी फांदीला चिकटून बसतात. तुम्ही सुचवलेलं 'सुरूचा भाऊ' मात्र लिहिणार नाही. उत्तरेत सुरू म्हणजे सायप्रस, मान्य. पण आपल्याकडे सुरू म्हटलं की कोकणच्या किनाऱ्यावरची बनं डोळ्यांपुढे येतात आणि ती कॅश्युरिनाची. एक घोळ निस्तरताना दुसरा कशाला घालायचा?

फळाचं म्हणाल तर वनस्पतिशास्त्र तुमच्या बाजूने आहे. या झाडाला फूलच नाही, मग फळ कुठून येणार? पाइनला असतो तसा तो शंकूच. फक्त त्याचे खवले लाकडी न होता मांसल होतात, एकमेकांत मिसळतात आणि गोळी तयार होते. निळसर काळी, द्राक्षावर असतो तसा पांढुरका थर असलेली. पण काळ्या गळ्याचा कस्तूर पक्षी ती फळ समजूनच गिळतो आणि बी दूर कुठेतरी टाकतो. त्याच फांदीवर पांढऱ्या पंखपट्ट्याचा ग्रोसबीक बसलेला असतो, जाड चोचीचा. तो बी फोडूनच खातो, म्हणजे तिथे झाडाचा हिशेब बुडीत. एक पेरणारा, एक खाणारा, आणि दोघेही त्याच गोळ्यांसाठी आलेले. लेखात हे यायला हवं होतं. त्याऐवजी मी तिथल्या चहावर एक परिच्छेद खर्च केला.

जाता जाता: जिन या दारूला वास देणारा जुनिपर हाच का, असं तुम्ही विचारलंय. नाही. तो जुनिपेरस कम्युनिस, आयुष्यभर टोचऱ्या सुयांचा. तोही हिमालयात आहे, पण उंचावर जमिनीलगत पसरलेल्या झुडपाच्या रूपात. काष्ठौषधीच्या दुकानात हाऊबेर मागितलं की मिळतं ते त्याचं.

आता धुपाचं. ते वाक्य मी मागे घेतो. तुमच्या रागामुळे नव्हे, झियारतमुळे. बलुचिस्तानात झियारतला याच झाडाच्या अगदी जवळच्या नात्यातल्या जुनिपरचं मोठं जंगल आहे, २०१३ साली युनेस्कोने त्या भागाला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. तिथे ना गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, ना सांगचा, म्हणजे शुक्पाच्या डहाळ्यांच्या धुपाचा, धूर. तरी रडगाणं तेच: जुनी झाडं उभी, नवी रोपं विरळ. कारणं सरपण, चराई आणि वर एक बुटकं बांडगूळ, जे झाडाचा रस शोषून त्याला वाळवतं. मग लडाखात धुपालाच आरोपीच्या पिंजऱ्यात कशाला उभं करायचं? धुपाला हिरव्या पानांच्या डहाळ्या लागतात, बुंधा लागत नाही. बुंधा गेला तो तुळयांना आणि सहा महिन्यांच्या हिवाळ्यातल्या चुलीला.

पण तुमचं पुढचं वाक्य, "श्रद्धा आहे म्हणूनच झाड टिकलं, बाकी काही करायची गरज नाही", यातला पूर्वार्ध मला पटतो, उत्तरार्ध नाही. गावाच्या नावातच शुक्पा आहे आणि राईतल्या झाडाला कोणी कुऱ्हाड लावत नाही, हे मी पाहिलं. आपल्या देवराईसारखंच. पण देवराईत वरून पाऊस कोसळतो आणि खाली रोपांची गर्दी होते. शुक्पाच्या राईत मी अर्धा दिवस वाकून वाकून फिरलो. खाली लेंड्या, वाळका पाला, दगड. गुडघ्याएवढं रोप एकही नाही.

कारण या झाडाचं पोर वाढणं मुळातच अवघड. बहुतेक झाडं एकतर नर नाहीतर मादी, त्यामुळे एकटं उरलेलं झाड कितीही पुजलं तरी वांझ. परागकण वाऱ्याच्या भरवशावर. गोळी पिकायला दुसरं वर्ष उजाडतं, आत कित्येकदा बी पोकळ निघतं. भरलेलं असलं तरी कवच इतकं टणक की रुजायला एखाददुसरा हिवाळा जावा लागतो. एवढं करून वर आलेलं बोटभर रोप शेळीला एका घासाचं.

आणि वेग? लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तुमच्याच लाहौलमधल्या या झाडांच्या खोडात दरवर्षी पडणाऱ्या वलयांची साखळी २००६ मध्ये मांडली: इ.स. ४२० ते २००३, म्हणजे १,५८४ वर्षांची. तिच्या पहिल्या कड्या अजिंठ्यातली वाकाटक काळातली लेणी खोदली जाण्याआधीच्या. इतकं जगणाऱ्या झाडाची एक अख्खी पिढी गळाली, तरी दोनचारशे वर्षं राई भरलेलीच दिसेल. पूजा करणाऱ्यालाही आणि माझ्यासारख्या नऊ दिवसांच्या पाहुण्यालाही.

लेखाचं शीर्षक आज बदलतोय. धुपाचं वाक्य खोडून ठेवतो, पुसत नाही, म्हणजे तुमची प्रतिक्रिया कशावर होती ते इतरांना कळेल. एक विनंती आहे. चार वर्षांत तुम्ही लाहौलच्या उतारांवर नक्कीच माझ्यापेक्षा जास्त हिंडला असाल. कुंपणाबाहेर, कोणी न लावलेलं, आपसूक रुजलेलं रोप कुठे पाहिलंत का? कोणत्या बाजूच्या उतारावर, दगडाच्या आडोशाला की उघड्यावर? आठवेल तेवढं इथेच खाली लिहा.