तुपाच्या हवनातून टनभर ऑक्सिजन तयार होत नाही

‘गाईचं १० ग्रॅम तूप हवनात जाळलं की १ टन ऑक्सिजन तयार होतो’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. तो साफ चुकीचा आहे. तूप जळताना ऑक्सिजन खर्च होतो. १० ग्रॅम तूप पूर्ण जळायला साधारण २९ ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि सुमारे २८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड व ११ ग्रॅम पाण्याची वाफ बनते. पेटत्या निरांजनावर काचेचा ग्लास पालथा घालून बघा: काचेला आतून दमट वाफ धरते, ज्योत मंदावते, विझते. १० ग्रॅमचं टनभर काहीही होत नाही. हवन श्रद्धेनं जरूर करा, पण ऑक्सिजन कमी झालेल्या रुग्णाला त्या धुरात बसवू नका, आधी दवाखान्यात न्या.