चिरंजीवांना घरीच बिअर लावू द्या

तुमचे चिरंजीव सतरा वर्षांचे आहेत. बारावीचं वर्ष आहे, आणि हल्ली क्लासहून आले की कुणाशी न बोलता तडक खोलीत जातात, मागे पेपरमिंटचा वास ठेवून. घाबरू नका. रागावू तर मुळीच नका, आजकालची मुलं मनाला लावून घेतात. मायेनं पाठीवर हात फिरवा आणि म्हणा, ‘बाळा, बाहेर पिऊ नकोस. घरीच बनव.’

पोराची दारू सोडवायला याहून खात्रीचा उपाय माझ्या माहितीत नाही.

बाहेर सगळं फार सोपं असतं, हीच तर अडचण आहे. तसा कायदा कडक आहे. महाराष्ट्रात बिअरला वयाची 21 वर्षं पुरी लागतात, व्हिस्की-रमला 25. म्हणजे अठराव्या वर्षी खासदार निवडा, एकविसाव्या वर्षी बोहल्यावर चढा, पण व्हिस्कीसाठी मुंडावळ्या उतरल्यावर चार वर्षं कळ काढा. वर पिण्याचा परवाना हवाच. एका दिवसाचा पाच रुपयांत मिळतो. आणि हे सगळं बघायचं कुणी? वाइन शॉपच्या जाळीमागच्या माणसानं. त्याला जाळीतून नोट धरलेला हात दिसतो. हातावरून वय कळत नाही.

मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता आणि त्याआधी तो पबमध्ये प्यायला होता, असं पोलिसांनी सांगितलं. बाल न्याय मंडळानं काही तासांत जामीन दिला आणि अपघातांवर 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. लोक खवळले, मग तो आदेश बदलला. पण हिशोब बघा. तुम्ही वाचताय तो लेखसुद्धा त्या निबंधाहून मोठा आहे.

घरच्या बिअरला असे स्वस्त दर नाहीत. तिची सुरुवातच भांडी घासण्यापासून होते. ज्यानं जन्मात स्वतःचा चहाचा कप विसळला नाही, तो वीस लिटरच्या घाण्यासाठी तीस बाटल्या ब्रश घालून घासतो, लेबलं नखानं खरवडतो, मग एकेक बाटली जंतुनाशकात बुडवतो. एखादा चुकार जंतू राहिला तर सगळं आंबट. मग माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचं, पाणी तासभर उकळायचं. हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, पडली की फेस चढतो, आणि चिरंजीवांनी एकदा मोबाइलकडे पाहिलं की तो उतू जातो. शेगडीवर करपलेलं माल्ट तारेच्या घासणीलाही दाद देत नाही, सुरीच्या पात्यानं काढावं लागतं. ते त्यालाच काढू द्या. आईनं मध्ये पडायचं नाही. शेजारच्या काकूंनी वास कसला विचारलं, तर नाचणीसत्त्वासारखंच काहीतरी, म्हणून सांगा. अगदीच खोटं नाही. धान्याला मोड आणून वाळवण्यापर्यंत दोन्हीची वाट एकच आहे.

पुढे यीस्ट. एल नावाच्या साध्या बिअरच्या यीस्टला 18 ते 22 अंश मानवतात, आणि पुण्याचा एप्रिल चाळिशीच्या घरात असतो. तेव्हा एसीच्या खोलीत बादली झोपेल आणि चिरंजीव हॉलमध्ये, पंख्याखाली. असे दोन आठवडे. मग बाटल्या भरा, प्रत्येकीत मोजून साखर घाला आणि आणखी दोन आठवडे थांबा. साखर जास्त झाली तर बाटली फुटते. ती रात्री दोनलाच फुटते.

महिनाभरानं हाती काय, तर चार-पाच टक्क्यांचं गढूळ पाणी आणि द्रवाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरचे आकडे लिहिलेली वही. तरीही मुलगा टिकला तर तो छंदिष्ट झाला असं समजा. वेगवेगळ्या हॉप्समधला फरक तो मित्रांना तासभर समजावून सांगेल, आणि मित्र येणं बंद करतील. बैठकच मोडली तर पिणार कुणाबरोबर?

राहिला कायदा. चिरंजीव ज्यांचे व्हिडिओ बघून शिकतात, त्या अमेरिकनांना घरी बिअर बनवायची मोकळीक 1978 साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या सहीनं मिळाली. दोन प्रौढांच्या घराला वर्षाला 200 गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटर. तिथेही वय मात्र एकवीसच. आपल्याकडे 1949 चा दारूबंदी कायदा आहे आणि विनापरवाना मद्य बनवलं तर तुरुंग. काउंटरवर दोन मिनिटांत बाटली उचलणाऱ्या पोराच्या मागे कुणी धावत नाही, महिनाभर बादलीशेजारी बसणारा मात्र मुद्देमालासह सापडतो.

तेव्हा उत्पादन शुल्कवाले दारात आलेच, तर त्यांना मानानं बसवा, चहा द्या, बादली दाखवा. ते वही चाळतील, दोन-चार कौतुकाचे शब्दही बोलतील. मग उठता उठता शोकेसमधल्या तुमच्या बाटलीकडे बोट दाखवून परवाना मागतील. पाच रुपयेच लागतात हो. काढलाय ना तुम्ही?