सांडपाण्याचे काम म्हणजे किरकोळ काम नव्हे!

हॉटेलच्या स्वयंपाकघराचे काम घरगुती नळ बसवणाऱ्या प्लंबरकडे सोपवायचे आणि ऐन दुपारच्या गर्दीत भांडी घासण्याच्या मोरीतून पाणी उलटे आले की पुन्हा त्यालाच बोलवायचे, हा प्रकार आमच्या व्यवसायात आणखी किती वर्षे चालणार आहे? तो ‘निघालोच’ म्हणतो आणि संध्याकाळी येतो. सळई घालतो, ॲसिड ओततो, पैसे घेतो. पाइपात थिजलेला तेलातुपाचा थर मात्र तसाच राहतो. सांडपाण्यातले तेल अडवणाऱ्या टाकीची, म्हणजे ग्रीस ट्रॅपची चौकशी करावी, तर तो बसवलेलाच नसतो, किंवा बसवून त्यावर फरशी घातलेली असते. ज्या टाकीत पाणी संथ होऊन तेल वर तरंगावे आणि ते नियमितपणे काढून टाकता यावे, तिचे झाकणच उघडत नसेल तर ती बसवली कशासाठी? पाइपांना पुरेसा उतार नाही, सफाईसाठी तोंड नाही, पाइप कोठून कोठे गेले याचा नकाशा नाही आणि पक्के बिल तर मागूच नये! अन्न परवान्यासाठी आम्ही पाण्याचा तपासणी अहवाल जोडतो, स्वच्छतेचा प्रत्येक नियम सांभाळतो. मग सांडपाण्याची वाट बांधणाऱ्याने आपल्या कामाची लेखी हमी का देऊ नये?